मागची कोरी बाजू

"मोठ्याने वाच," व्हर्डेल म्हणाली. "आणि त्याचं नाव आलं की थांब."

तिच्या मोठ्या मुलाने, कॉर्टेझने, पेपर टेबलावर पसरला. अख्खं पान कॉर्टेझच्या रॅप अल्बमवर होतं. मधोमध त्याचा फोटो, मान खाली, टोपी हातात. याच पेपरने चार वर्षांपूर्वी त्याच्या धाकट्या भावाला तीन ओळींत उरकलं होतं. गोळीबारात एक तरुण ठार, पोलिसांच्या दप्तरी नोंद असलेला. नाव छापायचीही तसदी घेतली नव्हती. त्या तीन ओळी व्हर्डेलला तेव्हापासून झोपू देत नव्हत्या.

ती इस्पितळाच्या धुलाईखान्यातली पाळी संपवून आली होती आणि भेंडी चिरत बसली होती. समोर सिस्टर ओफेलिया. चर्चमधली, चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण, आणि मेंफिसमध्ये कुणाच्याही स्वयंपाकघरात न बोलावता शिरण्याचा हक्क असलेली बाई.

"आधी माझं ऐका," ओफेलिया म्हणाली. "सोळा गाण्यांत एकशे बारा शिव्या आहेत. मी मोजल्यात."

"म्हणजे तू शेवटपर्यंत ऐकलास."

"ऐकला. दोनदा रडले. तरी विचारते, चर्चमध्ये वाढलेला हा पोरगा एवढं घाण बोलायला शिकला कुठे?"

"घरातच शिकला असेल," व्हर्डेल म्हणाली आणि भेंडीचं देठ उडवलं.

ओफेलिया पोट धरून हसली. कॉर्टेझ हसला नाही. तो वाचू लागला.

"'रॅपमध्ये एक जुना नेम आहे. दुसऱ्याने लिहिलेलं आपल्या तोंडून म्हणायचं नाही. मोठमोठ्यांनी तो गुपचूप मोडलाय. इथे मात्र शंकेला जागाच नाही. हे दुःख ज्याचं आहे, त्यानेच ते लिहिलं आहे.'"

तो थांबला. "मम्मा, मला नाही वाचवत."

"वाच. आवाज तुझा चांगला आहे, माझा नाही."

ओफेलियाने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. भाऊ मातीत गेला आणि आपल्याला टाळ्या मिळतात, ही टोचणी त्याला खाते आहे, हे साऱ्या गल्लीला दिसत होतं. अल्बम आल्यापासून पोरगं धड जेवत नव्हतं.

"'चौथ्या गाण्यात पोलिसांनी परत दिलेला शर्ट धुतला जातो. थंड पाणी, मूठभर मीठ, तीन वेळा. असा तपशील कल्पनेतून येत नाही.'"

"तू धुतलास तो शर्ट?" ओफेलियाने हळूच विचारलं.

कॉर्टेझने आईकडे पाहिलं.

"आमच्या घरी सगळ्यांना धुता येतं," व्हर्डेल म्हणाली. "पुढे."

"'क्विंटन गेन्स, वय एकोणीस.'" त्याचा आवाज फाटला. "'टायरच्या दुकानात कामाला. बोलताना अडखळायचा, गाताना कधीच नाही. हा अल्बम ऐकल्यावर त्याला कुणी विसरू शकणार नाही.'"

व्हर्डेलने सुरी खाली ठेवली. "परत वाच."

त्याने परत वाचलं. मग तिने अॅप्रन तोंडाला लावला आणि रडली. ओफेलियाही तिला धरून रडली. चार वर्षं लागली होती त्या नावाला छापून यायला.

जाताना ओफेलियाने रविवारच्या चर्चच्या जेवणाची यादी मागितली. व्हर्डेलने खण उघडून एक पुस्तिका काढली. क्विंटनच्या अंत्यविधीला येणाऱ्यांना वाटायला तिने तीनशे पुस्तिका छापून घेतल्या होत्या. निम्म्याहून जास्त उरल्या. मुखपृष्ठावर तो शाळा संपल्याच्या समारंभाचा काळा झगा घालून हसत होता. आता लेकराचा फोटो कचऱ्यात कसा टाकायचा? म्हणून या घरात सामानाच्या याद्या, निरोप, काय वाटेल ते त्यांच्याच मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं जायचं. तिने मक्याचं पीठ, लोणी, दोन कोंबड्या असं लिहून दिलं.

"शुक्रवारी रेडिओवरच्या मुलाखतीत तोंड सांभाळ रे बाबा," ओफेलिया दारातून म्हणाली. "आमचे पास्टर ऐकणार आहेत."

दार लागलं. कॉर्टेझ पेपरची घडी घालायला लागला.

"संपलं नाही अजून," व्हर्डेल म्हणाली. "खाली चार ओळी राहिल्यात."

"त्या काही खास नाहीत."

"कॉर्टेझ."

त्याने घडी उलगडली. खाली बघून, भराभर वाचून टाकलं.

"'एकच उणीव. इथे प्रत्येकाला आवाज मिळाला आहे. भावाला, त्याला मारणाऱ्या पोराला, अगदी शवागारातल्या कारकुनालासुद्धा. आई तेवढी भिंतीला टेकून उभी आहे. ती इस्त्री करते, ताट वाढते, गप्प राहते. तिला काय वाटलं, हे या माणसाने एकदाही विचारलं नाही.'"

शेजारच्या अंगणात कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती काही केल्या चालू होत नव्हती.

"बास झालं," कॉर्टेझ म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "शुक्रवारी मी रेडिओवर सगळं सांगून टाकणार. मला नको हे कौतुक."

"तू काही सांगायचं नाहीस. लोक तुझ्यावर उलटतील आणि त्याचंही नाव पुसलं जाईल. तेवढ्यासाठी का आपण हे केलं?"

"पण तो पेपरवाला तुझ्याबद्दल काय म्हणतोय, ऐकलंस ना?"

"ऐकलं. बरोबर म्हणतोय तो."

तिने भेंडीचे हात पुसले. चष्मा चढवला. खणातून आणखी एक पुस्तिका काढली, क्विंटनच्या हसऱ्या तोंडावरून अंगठा फिरवला आणि ती पालथी केली. मग पेन्सिलचा तुकडा शोधून त्याचं टोक जिभेला लावलं.

"सोळा गाणी लिहून दिली तुला," ती म्हणाली, "आणि माझंच तेवढं लिहायचं राहून गेलं."