डावीकडे पाहणारा माळढोक

“तुमच्या पोस्टरांवरूनच घडवलंय हे, बाई,” म्हणत डॉ. इनामदारांनी पेटी उघडली. आत माळढोकाचं जिवंत पिल्लू उभं होतं. शेवटचा माळढोक मरून चाळीस वर्षं झाली होती. त्याच्या पेशी कुणी जपल्या नव्हत्या, फोटोही नष्ट झाले होते. डॉक्टरांच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राने ‘माळढोक वाचवा’ची जुनी पोस्टरं वाचून हे पिल्लू जन्माला घातलं होतं.

चित्रकार वत्सला खांबेटेंना हसूच आलं. पिल्लाच्या पाठीला तांबूस कड होती. ती त्यांनी चित्रातल्या मावळत्या सूर्याला जुळावी म्हणून दिली होती.

“पोस्टरांत हा कायम डावीकडेच का बघतो?” डॉक्टरांनी विचारलं.

“उजवीकडे घोषणेला जागा लागायची. शिवाय एका बाजूनं काढला की रचना सुटसुटीत दिसते.”

डॉक्टरांनी पिल्लू फिरवलं. त्या बाजूला डोळा नव्हता, पंख नव्हता. नुसती कोरी, गुळगुळीत कातडी होती. वत्सलाबाईंनी तोंडावर हात दाबून धरला.

“या बाजूचं एखादं चित्र असेल तुमच्याकडे? निदान आठवत तरी असेल?”

हयातभर वत्सलाबाईंनी माळढोक काढला होता, तो दुसऱ्यांच्या त्याहून जुन्या पोस्टरांवरून. तो जिवंत होता तेव्हा त्याला पाहायला त्या कधी माळावर गेल्याच नव्हत्या.