उलट उत्तर

सुनेने पुढे केलेल्या चहाचा एक घोट घेऊन म्हातारीने कप खाली आपटला. "हा चहा की कप विसळलेलं पाणी?"

"दुसरा करते," सून म्हणाली.

म्हातारीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. बावीस वर्षांत या बाईने सासूचा टोमणा असा खाली पडू दिला नव्हता. शब्दाला शब्द, वर एक फुकट.

सून इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला होती. म्हातारीला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. तो जागच्या जागी आहे की पुढे पसरलाय, हे रक्तातल्या बारीक खुणांवरून ओळखायची नवी तपासणी तिथेच चालू होती. जागच्या जागी असला तर पिशवी काढून मोकळं व्हायचं; पसरला असला तर कापाकापी करून उपयोग नाही. रक्ताच्या नळीवर नाव नव्हतं, नुसता आकडा. पण तो चिकटवला तेव्हा सून शेजारीच उभी होती. निकाल सोमवारी डॉक्टर सांगणार. त्याआधी प्रयोगशाळेतल्या कुणी ब्र काढला, तर नोकरी गेली.

म्हातारीने दुसरा खडा टाकला. "तुझ्या आईनेच शिकवलं असेल. त्या घरात साखर कमी, बढाया जास्त."

आई काढली की एरवी घर डोक्यावर घ्यायची.

"असेल," सून म्हणाली आणि घासलेलंच पातेलं पुन्हा घासायला लागली.

"इकडे बघ."

"सोमवारी डॉक्टर सांगतील."

"मी विचारलं का काही?"

सुनेचे हात थांबले. नळ वाहत राहिला. कळायचं ते म्हातारीला कळलं. आता बोलावं तर हिची नोकरी जाते, गिळावं तर गळ्याखाली उतरत नाही. दोन खोल्यांच्या घरात उठून जायचं तरी कुठे?

जिन्यावर मुलाची पावलं वाजली. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. कळलं, तर तसाच माघारी फिरून डॉक्टरांच्या दारात उभा राहील.

"भांड," म्हातारी हळूच म्हणाली.

"काय?"

"भांड माझ्याशी. हे असलं तोंड बघितलं तर त्याला दारातच कळेल. सोड तोंडाचा पट्टा!"

"मला नाही जमायचं आज."

"बावीस वर्षं न मागता जमलं, आणि आज मागितलं तर नाही?"

कुलपात किल्ली फिरली. सुनेने मनगटाने डोळे पुसले आणि कडाडली, "नको असेल तर ओता मोरीत! पण माझ्या आईचं नाव काढाल तर याद राखा!"

"काढणार! शंभरदा काढणार!" खुर्चीचा हात गच्च धरून म्हातारी ओरडली.

मुलगा उंबऱ्यातच थांबून ऐकत राहिला. रक्त तपासायला दिल्यापासून चार दिवसांत पहिल्यांदा त्याचे खांदे सैल पडले. चपला काढता काढता तो हसून म्हणाला,

"चला, म्हणजे घरी सगळं ठीक आहे."