हेडमास्तरांपुढे जोडलेले हात

कोरियातल्या लढाईविरुद्ध वर्ग सोडून मोर्चात गेला म्हणून श्यामकांतचं नाव शाळेतून काढलं, तसे बाबा खिदिरपूरच्या कस्टम ऑफिसातून धावतपळत गेले. हेडमास्तरांपुढे हात जोडून त्यांनी पोराला परत वर्गात बसवलं.

"शिक्षणाशिवाय पोराचं कसं व्हायचं?" घरी येऊन घाम पुसत ते म्हणाले. आईने श्यामकांतला गरम सांजा वाढला.

धाकट्या भावाचे ते लाड बघून शकुनच्या पोटात दुखू लागलं. नागपूरहून बाबांची बदली झाल्यापासून ती शाळा सुटून घरीच होती. कलकत्त्यात मराठी शाळा नाही, असं बाबांनी सांगितलं होतं आणि तिने ते निमूट ऐकलं होतं.

बाबांपुढे पाण्याचं भांडं ठेवत तिने विचारलं, "बाबा, श्यामकांतच्या शाळेत मराठीतून शिकवतात का हो?"