विलायती डबे

"काटा डाव्या हातात धर," रावजी दबक्या आवाजात म्हणाला. "आणि कटलेट कुस्करू नकोस. भाकरी आहे का ती?"

भिमाने काटा मुकाट्याने दुसऱ्या हातात घेतला. लग्नाला तीन आठवडे झाले होते. रावजीने तिला शहरात द्वारका चौकातल्या या नव्या हॉटेलात आणलं होतं खरं, पण ऑफिसातलं कुणी बघत तर नाही ना, म्हणून त्याची मान सारखी दाराकडे वळत होती. तो सरकारी कचेरीतला कायम झालेला कारकून. आणि त्याच्या गळ्यात पडली होती पेठच्या डोंगरातली ही मुलगी.

"असलं कधी खाल्लं नसशील," तो म्हणाला.

"नाय."

"मग काय काय खाल्लंयस ते तरी सांग. अगदी विचित्रातलं विचित्र. मग मी सांगतो. बघू कोण जिंकतं."

भिमा जरा खुलली. नवऱ्याने आपणहून तिला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

"लाल मुंग्यांची चटणी," ती म्हणाली. "लय आंबट लागते."

"लय नाही, खूप. शी! आणखी?"

"शेतातला उंदीर. भाजून."

रावजीने तिच्याकडे किळसून पाहिलं आणि रुमाल तोंडाला लावला. पलीकडच्या टेबलावर कुणी ऐकलं नाही, याची खात्री करून घेतली.

"आणि कडू कंद," भिमा म्हणाली. "त्याच्या चकत्या रातभर वाहत्या पाण्यात ठेवायच्या, नायतर माणसाला गरगरतं. बहात्तरच्या दुष्काळात ओढाच आटला. मग तसाच उकडून खाल्ला. सगळं घर तीन दिवस ओकत होतं."

"तुमच्यापेक्षा जनावरं बरी. ती निदान हुंगून तरी बघतात," रावजी म्हणाला आणि हसला. भिमाही कसंनुसं हसली.

आता त्याची पाळी होती. तो खुर्चीत रेलला.

"चीज. नाव तरी ऐकलंयस? डब्यात येतं. साबणाच्या वडीसारखं पिवळं. विलायती मासा, तेलात बुडवलेला. त्याचा काटासुद्धा जिभेवर विरघळतो. आणि दुधाची भुकटी. ती कोरडीच तोंडात टाकायची, टाळूला घट्ट बसते."

"एवढं सगळं मिळालं कुठं?"

"तुझ्या त्याच दुष्काळात. तुम्ही तिकडे कंद उकडत होतात, तेव्हा मी घाटाखालच्या एका गोदामावर रोजंदारीला होतो. बाहेरच्या देशांतून मदत यायची. वर तुमच्या डोंगरात दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्यांसाठी एक अख्खी गाडी भरून डबे आले होते. आम्ही चौघांनी मधल्यामधेच उतरवून घेतले. महिनाभर चंगळ!"

भिमाचा हात थांबला. "आणि वरच्या लोकांना?"

"त्यांना काय कळणार त्यातलं? चीज हातात दिलं असतं, तर लुगडी धुतली असती त्यांनी." रावजी एवढ्या मोठ्याने हसला की वेटरने वळून पाहिलं. "आम्ही वर निरोप धाडला, गाडी घाटात उलटली, माल सगळा दरीत गेला. अडाणी लोक, लगेच पटलं. एकानेही उलटून विचारलं नाही."

भिमाने काटा बशीत ठेवला. पदराला हात पुसले. आणि पहिल्यांदाच तिने रावजीकडे सरळ पाहिलं. तो उंदरांविषयी ऐकताना बघत होता, तसं.

"पटलं होतं," ती म्हणाली. "म्हणून तर माझा बाप कमरेला दोर बांधून त्या दरीत उतरला, डबे हुडकायला. दोर तेवढा वर आला."