दोन बोटं कमी

वॉटर पार्कच्या मोठ्या घसरगुंडीखाली उंची मोजायचा खांब होता आणि त्यावरची लाल रेघ दरवर्षी बाबाच रंगवायचे. मी टाचा उचलूनही नेमकी दोन बोटं कमी भरायचे. तिकीटवाले काका चिडवायचे, "रंगाऱ्याची पोर, ब्रशएवढीच राहणार!" मग एका उन्हाळ्यात घसरगुंडीचा सांधा निखळला, दोघं दगावले आणि पार्कला टाळं लागलं.

काल बाबांना घेऊन त्या पडीक पार्कात गेले. खांबाचे पोपडे निघाले होते आणि आत एकीवर एक चार लाल रेघा दिसत होत्या. मी जेवढी वाढले, तेवढीच रेघ वर सरकलेली.

"बाबा, सांधा ढिला झालाय हे तुम्हाला माहीत होतं?"

 

"साहेबांना दरवर्षी सांगायचो गं. माझ्या हातात शेवटी ब्रशच होता."