कसमेचा कफ्फारा

"अल्लाची कसम, तुझ्या हातचं पुन्हा खाणार नाही!" जेवणाच्या चवीवरून झालेल्या भांडणाच्या भरात बशीरमियाँ बायकोला बोलून गेले. रुकय्याबीने ताट उचललं. तेव्हापासून मियाँ बेकरीच्या खारीवर दिवस काढत होते आणि घरात रोज खमंग मासळी तळली जात होती.

शेवटी जुम्म्याच्या नमाजानंतर त्यांनी मौलानांना गाठलं. मौलाना हसू दाबत म्हणाले, "अशी कसम पाळण्यापेक्षा मोडलेली बरी. पण कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त, द्यावं लागेल. दहा गरिबांना पोटभर जेवू घाला."

मियाँ उड्या मारतच घरी आले. "बेगम, दहा जणांचं शिजवायला घे!"

"कसम तुम्ही खाल्लीत, शिजवाही तुम्हीच," म्हणत रुकय्याबीने विळी पुढे सरकवली.

कांदे चिरताना मियाँ ढसाढसा रडले, पुलाव शिजवताना बोटंही पोळली. पण अंगणात पंगत बसली आणि पुलावाचं पातेलं बघता बघता रिकामं झालं. जेवायला आलेली म्हातारी हलिमाखाला तृप्तीने हात पुसत म्हणाली, "अल्ला बरकत देवो! मियाँ, पुढची कसम कधी खाताय?"

रुकय्याबी इतक्या दिवसांनी खळखळून हसली. मग आत जाऊन तिने नवऱ्यासाठी आपल्या हातच्या मासळीचं ताट वाढलं. मियाँ जेवले, पण चवीबद्दल चकार शब्द काढला नाही.