बर्फाचं श्रेय

मे महिन्यात मुलुंडला नळालाही गरम पाणी येतं. फिल्म धुताना डेव्हलपरचं रसायन वीस अंशांच्या वर गेलं की फोटोत दाणे उठतात, म्हणून उत्तराचा फोटोग्राफर नवरा मुकुल घरातल्या बर्फाला कुणाला हात लावू देत नसे. तिच्या हातावर उकळतं तेल उडालं, तेव्हाही तो बाथरूममधूनच खेकसला, "बर्फ घेऊ नकोस गं, माझा रोल वाया जाईल!"

पुढे त्याच्या प्रदर्शनात भाकरी थापणाऱ्या तिच्या हातांचा फोटो भिंतभर लागला. दाणा नावाला नाही, कातडीची रेघन् रेघ स्पष्ट. लोक वाहवा करायला लागले, तसा मुकुल ऐटीत म्हणाला, "सगळं श्रेय बर्फाचं!"

उत्तराने फोटोतल्या मनगटावर बोट ठेवलं.

"आणि हा भाजल्याचा डाग? तोही बर्फामुळेच. मला हात लावू दिला नव्हता यानं."